चर्चा: 'लिहायला वेळच मिळत नाही', खरं की बहाणा?

जुळे_सोलापूरकर: स्पष्टच लिहितो. बहाणा. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पहाटे साडेचारला उठतो, मोबाईल हॉलमध्ये ठेवतो, तासभर कथा लिहितो. एप्रिल-मेच्या उन्हात इथं दुपारी डोकं चालत नाही, त्यामुळे पहाटच खरी. बहिणाबाई जात्यावर बसून ओव्या रचत होत्याच की! आपल्याला रील बघायला बरा वेळ सापडतो.

शेंगाचटणी: बहिणाबाईंना मध्ये आणू नका. त्यांच्या ओव्या कागदावर उतरवल्या दुसऱ्यांनी, मुलगा सोपानदेवांनी वगैरे. त्या गेल्या १९५१ साली, पुस्तक आलं १९५२ला. काम करता करता सुचतं हो, कुणी नाही म्हटलंय? लिहून काढायला बूड टेकावं लागतं. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, तोही कधी पहाटे, कधी रात्री अकराला. तुम्ही लिहीत असताना पाणी कोण भरतं?

जुळे_सोलापूरकर: मीही भरतो. सुट्टीच्या दिवशी.

शेंगाचटणी: नळाला सांगून ठेवलंय का तसं? 😄

धोटा: सोलापूरच्या पूर्व भागातून लिहालोय. यंत्रमागावर बारा तासांची पाळी. लोकांना वाटतं हात चालू, डोकं मोकळं. कुठलं ओ! एका माणसाकडे अनेक माग. इकडं धागा तुटला की थांबवा, सांधा, चालू करा, तोवर तिकडचा तुटतो. सुचलेली ओळ त्या खडखडाटात टिकत नाही. घरात तेलुगू, कविता मात्र मराठीत येते. पाळी सुटली की घरी जाताना फोनवर बोलून ठेवतो. नीट करणं रविवारी. वर्षात चार कविता झाल्या तरी बास. पहाटे उठा म्हणणाऱ्यानं रातपाळी करून बघावी.

बाल्कनी_हुतात्मा: एकट्यानं करायला गेलं की हे सगळं आडवं येतं. आमचं नाटक दरवर्षी उभं राहतं, कारण राज्य नाट्य स्पर्धेची तारीख येते. नोकरीवाले, दुकानदार, सगळे रात्री नऊनंतर तालमीला हजर. तारीख लागली की वेळ निघतो.

शेंगाचटणी: नऊनंतर ना? मग 'बायका मिळत नाहीत नाटकाला' ही तुमच्या लोकांची रड कशाला?

बाल्कनी_हुतात्मा: मुद्दा रास्त आहे. पण दिवसा सगळे कामावर असतात, जमवायचं कधी?

शेंगाचटणी: ते तुम्ही ठरवा. मी दोन संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसते. घरात दार लावलं तरी हाक येतेच. त्या दिवशी स्वयंपाक नवऱ्याकडे. खिचडी असते. नेहमीच खिचडी असते. चालतंय.

जुळे_सोलापूरकर: सगळं मान्य, पण रोज नाही बसलं तर हात बसत नाही. यावर मी ठाम आहे.

शेंगाचटणी: रोजचा तास तुमच्या घरात दोघांनाही मिळतोय का, तेवढं सांगा. मग पुढं बोलू.