पणजीला मांडवीकाठी मासे खाण्याबाबत

बी-४०२ : नमस्कार. १८ जुलैला आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत असल्याने आम्ही आठ जण पणजीला जात आहोत. मांडवीच्या काठावरील एखाद्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये मासे खाण्याचा बेत आहे. जाणकारांनी कृपया सुचवावे.

सी-७०१ : काका-काकूंचे अभिनंदन! गेल्या हिवाळ्यात आम्ही अशाच एका ठिकाणी जेवलो. नाव घेत नाही. मेनूकार्डावर शेवंडीपुढे किंमत नव्हती, ‘आकारानुसार’ एवढेच छापलेले होते. वेटरने ताटात शेवंड आणून दाखवली, आम्ही कौतुकाने मान डोलावली आणि ती मान केवढ्याला पडली हे बिल आल्यावर समजले. मासा किचनमध्ये जाण्यापूर्वी त्याचे वजन समोर करून घ्यावे आणि भाव किलोचा आहे की १०० ग्रॅमचा, हे न संकोचता विचारावे. वजन बहुधा साफ करण्यापूर्वीचे धरतात, म्हणजे डोक्याचे आणि कवचाचेही पैसे आपणच देतो.

ए-१०३ : मी मालवणची असल्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत पानात येणारे पापलेट किंवा सुरमई बहुतेक बर्फातली असते, मग रेस्टॉरंट कितीही उंची असो. त्यापेक्षा खाडीतला चोणक, शेवटे किंवा खेकडे आज आले आहेत का, ते विचारा. चोणक मिळाला तर रवा लावून तव्यावरच भाजून मागा. त्यावर चीजचा सॉस ओतणे हा माशाचा अपमान आहे.

बी-४०२ : मनापासून आभार. बिलात सर्व्हिस चार्ज लावला तर द्यावाच लागतो का?

सी-७०१ : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो परस्पर लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. जीएसटी मात्र द्यावाच लागेल. एरवी तो ५ टक्के असतो, पण महागड्या पंचतारांकित हॉटेलातील रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो. आठ जणांच्या बिलात हा फरक चांगलाच जाणवतो.

ए-१०३ : आणि टेबल काचेआडचे मागा. पावसाची झड आली की काठावरच्या उघड्या टेबलावर सोलकढीत पाणीच अधिक होते.

बी-४०२ : सर्व सूचना बाबांना वाचून दाखवल्या. १८ तारखेला शनिवार आहे आणि ते शनिवार पाळतात, हे आत्ता लक्षात आले. टेबल रविवारचे सांगतो.