आधार नाही म्हणून आहार नाही, कार्ड नाही म्हणून लस नाही. पुढे काय करायचं?

प्रश्न (फोंडा, गोवा)
बांधकामावरच्या मजुरांची १८ महिन्यांची मुलगी, कुटुंब विजापूरकडचं. लसीचं कार्ड गावी राहिलंय, मुलीचं आधार काढलेलं नाही. अंगणवाडी आणि उपकेंद्र दोन्हीकडे "कागद घेऊन या" एवढंच ऐकायला मिळतं. अर्ज कुणाकडे करावा? मराठीत चालेल का?

उत्तर १
अन्न सुरक्षा कायदा २०१३, कलम ५: ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलाला जवळच्या अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं हा हक्क आहे. आईबाप कुठल्या राज्याचे, ही अट त्यात नाही. आधार नसल्यामुळे मुलाचा लाभ अडवू नये, दुसऱ्या कागदावर ओळख पटवावी, असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट सांगितलंय.

तोंडी वाद घातला की हातात काहीच उरत नाही. सीडीपीओंच्या (अंगणवाड्या ज्यांच्या हाताखाली असतात त्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या) नावे अर्ज करा, दोन प्रतींत: मुलीचं नाव, वय, साइटचा पत्ता, मागणी. आपल्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घ्याच. नकार दिला तर कारणासह लेखी मागा. सेविकेवर राग काढू नका, नोंदीत आधारचा रकाना रिकामा राहिला तर जाब तिलाच विचारतात. तिथे अडलं तर कलम १५ खालचे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, शिवाय राज्य बालहक्क आयोग.

मराठी चालते. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीसोबत मराठीच्या वापराचीही तरतूद आहे.

उत्तर २
कार्डासाठी लस थांबवणं चूकच, गोवर कार्डाची वाट पाहत नाही. गोवर-रुबेलाचे २ डोस, मध्ये किमान ४ आठवडे, ५ वर्षांपर्यंत देतात. आधी घेतलेला डोस पुन्हा गेला तरी अपाय नाही. पेंटा (पाच आजारांवरची एकत्रित लस) सुरू झालं असेल तर उरलेले डोस पेंटाचेच, पहिल्यापासून नाही. एकही झाला नसेल तर या वयात डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरची लस). डाव्या दंडावर बीसीजीची (क्षयरोगावरच्या लसीची) खूण नसली तरी वर्षानंतर ती लस देत नाहीत, त्यावर अडून बसू नका.

उत्तर ३
दंडाचा घेरही मोजून घ्या. डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी. कातडीला सुरकुती पडली तर पट्टी घट्ट झालीय, आकडा खोटा कमी येतो. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, १२.५ पेक्षा कमी म्हणजे मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा ३ सेकंद दाबून खड्डा राहिला, तर घेर कितीही असो, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. अर्जाचं मग बघता येईल.