१६६० सालची मेरी: माहेरचं आडनाव कसं काढायचं?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): सूनबाई मॅसॅच्युसेट्सची. तिच्या घराण्यातली मेरी, गाव इप्सविच, काउंटी एसेक्स, लग्न १६६० च्या सुमारास. नवऱ्याचं नाव आहे, हिचं माहेर नाही. नेटवरच्या वंशवृक्षांत तीन आडनावं दिसतात. कुठलं धरू?

उत्तर: तूर्त एकही नाही, काका. ते वृक्ष एकमेकांवरून उतरवलेले असतात. आसपासच्या ज्या घरांत त्या वयाची मेरी होती, त्या बापांची मृत्युपत्रं काढा. ‘मुलगी मेरी, अमक्याची बायको’ एवढी एक ओळ सापडली की काम फत्ते. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं फुकट आहे, पण नुसतं नाव टाकून दरवेळी भागत नाही. प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्रं नि वारसांच्या कोर्टनोंदींचे, काही खंड पानोपान चाळावे लागतात. काही पानं फक्त त्यांच्या केंद्रातच उघडतात. जमिनीचे दस्तही बघा, सासऱ्याच्या वाटणीतला तुकडा जावई विकतो.

उत्तर: तारखा सांभाळा! १७५२ पूर्वी तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं. लग्न मे १६६० आणि मूल फेब्रुवारी १६६० दिसलं तर दचकू नका, तो आपला फेब्रुवारी १६६१. शिवाय लग्ननोंदीतलं आडनाव आधीच्या नवऱ्याचंही असू शकतं.

प्रश्नकर्ते: डीएनए?

उत्तर: दहा पिढ्यांमागे १०२४ पूर्वज, साधी चाचणी तिथे तोकडी पडते. मायटोकाँड्रियाची, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची, चालेल, पण मेरीपासून लेक, तिची लेक अशी अखंड साखळी हवी. त्यातूनही चुकीचं माहेर बाद होतं, खरं सिद्ध होत नाही.