नवीन जीपीएस सायकल कॉम्प्युटर: तीन आठवड्यांचा अनुभव, आणि पावसात चढाईचा आकडा का गंडतो?

पहाटेचा_पेडल

नमस्कार मंडळी. चार वर्षं फोन जर्सीच्या खिशात टाकून राईड रेकॉर्ड करत होतो, यंदा पहिल्यांदा ३०० ची बीआरएम (ठरलेल्या रूटवर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची ३०० किमीची राईड) करायची ठरवली म्हणून शेवटी जीपीएस कॉम्प्युटर घेतला. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला काढत होतो त्यामुळे बॉक्स उघडताना खरंच खूप आनंद झाला. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष मशीनचा आहे की माझ्या सेटिंगचा तेच अजून कळलेलं नाही. तीन आठवडे झाले, साधारण ४६० किमी झाले, तेवढ्यावरून लिहितोय.

आधी आवडलेलं सांगतो. भर उन्हात स्क्रीन स्वच्छ दिसते, फोनसारखी हाताची सावली करून बघावं लागत नाही. हार्ट रेटचा आकडा डोळ्यासमोर असणं हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक आहे. आधी मी सिंहगडाच्या पायथ्याचा गोळेवाडीचा नाका ओलांडला की पहिल्या दोन किलोमीटरमध्येच १७५ वर जायचो आणि वर तीनदा थांबायचो, आता १५५-१५८ धरून चढतो आणि गेल्या दोन्ही वेळेला सिंहगड एकदाही पाय न टेकता झाला. आणि पुढचा चढ किती उरलाय ते रंगीत पट्ट्यात दिसतं, त्याने मनाला फार धीर येतो.

आता अडचणी. एक, मागच्या रविवारी डोणज्यापासून पाऊस सुरू झाला, आणि शेवटच्या टप्प्यात जिथे जीव नाकात येतो तिथे स्क्रीनवर चढ ० टक्के!! मी सगळ्यात हलक्या गिअरवर उभा राहून पेडल मारतोय आणि मशीन म्हणतंय सपाट रस्ता. मग मधे एका जवळजवळ सपाट तुकड्यावर अचानक १४ टक्के दाखवलं. घरी येऊन बघतो तर गडाची चढाई ४१० मीटर, आदल्या रविवारी कोरड्या हवेत तीच ५८३ होती. दोन, ऊन असो की पाऊस, घरून निघताना जी उंची दाखवतं तीच परत आल्यावर दाखवत नाही, वीसेक मीटर कमी येते, अरे तोच तर पार्किंगचा खांब आहे. तीन, घाटातल्या वळणांवर वेग ५-६ वर आला की मधेच ऑटो पॉज होतं (रेकॉर्डिंग आपोआप थांबतं), बीप वाजतो, लय तुटते. चार, बॅटरी. बॉक्सवर २० तास लिहिलंय, सहा तासांच्या राईडमध्ये ४६ टक्के गेली, म्हणजे जेमतेम १३ तास. ३०० ला वेळच २० तासांचा असतो, मग कसं व्हायचं?

बाकी बारीक गोष्ट, आईचा मेसेज आला की स्क्रीनवर नुसते चौकोन चौकोन येतात, देवनागरी दिसतच नाही. आई घरी एकटी असते, तिचा मेसेज आलाय एवढं तरी कळायला हवं.

दुकानदार म्हणाला पावसात असं होतंच, घेताना सिलिकॉनचं कव्हर फुकट दिलंय ते लावून ठेवा. बदलून मिळायची मुदत संपायला चारच दिवस राहिलेत. ठेवू की परत करू? ज्यांनी दोन-तीन पावसाळे काढलेत त्यांनी प्लीज सांगा.

घाटमाथा

अभिनंदन, आणि परत करायची घाई नको. एक प्रश्न, पाऊस लागला तेव्हा ते सिलिकॉनचं कव्हर लावलेलं होतं का? माझा सगळा संशय त्याच्यावर आहे.

बघा, हे मशीन उंची उपग्रहावरून काढत नाही, म्हणजे सुरुवातीचा अंदाज घेतं, पण चढउतार मोजतं हवेच्या दाबावर. आत बॅरोमीटर असतो. वर गेलं की दाब कमी होतो, आपल्या इकडच्या उंचीला साधारण साडेआठ-नऊ मीटर चढलं की एक मिलिबार. ती हवा आत जायला मशीनच्या मागे किंवा खालच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. त्या भोकावर पाण्याचा पातळ पडदा धरला की आतली हवा आत कोंडली, तुम्ही शंभर मीटर वर गेलात तरी आतला दाब तोच, म्हणून मशीनला वाटतं आपण सपाटीवर आहोत. आणि एखाद्या खड्ड्यात दणका बसला की पडदा फुटतो, कोंडलेला सगळा फरक एका क्षणात सुटतो, तेच तुमचे सपाटीवरचे १४ टक्के. कव्हर असेल तर ते भोकावर दाबून बसतं, शिवाय कव्हर आणि मशीनच्या मधे पाणी साठून राहतं, ते तासभर वाळत नाही. पावसासाठी म्हणून लावतो आणि पावसातच ते नडतं. मशीनवर आयपीएक्स७ लिहिलं असेल तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास राहायच्या हिशोबाने तपासलेलं असतं, पावसाला कव्हर लागतच नाही.

तेव्हा कव्हर काढा, भोकं शोधा, नळाच्या साध्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा (घाम आणि इलेक्ट्रॉलचं मीठ बसतं तिथे, ते पाण्यानेच जातं), आणि रात्रभर पंख्याखाली पालथं ठेवा. सुई, टाचणी, दात कोरायची काडी अजिबात घालू नका, आत नाजूक पापुद्रा असतो तो एकदा फाटला की संपलं. पंपाने हवाही मारू नका. मी हे कळकळीने सांगतोय कारण माझं पहिलं मशीन मी स्वतः टाचणी घालून घालवलंय.

दुसरा मुद्दा, परत आल्यावर उंची कमी दिसते तो दोष नाहीच. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा वर जातो दोनदा खाली येतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला सर्वात जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला सर्वात कमी. तुम्ही पहाटे पाच-साडेपाचला निघता आणि दहाला परत येता ना? त्या वेळात दाब दोनेक मिलिबार वाढलेला असतो, मशीनला वाटतं आपण वीस मीटर खाली उतरलो. एकदा सकाळी दहाला निघून दुपारी चारला परत या, उलटं होईल, तुमचा पार्किंगचा खांब वर गेलेला दिसेल :) निघायच्या आधी पाच मिनिटं मशीन बाहेर ठेवा आणि घराची उंची एकदा सेटिंगमध्ये भरून टाका, दर वेळी सुरुवात तरी बरोबर होईल.

पहाटेचा_पेडल

होय दादा, कव्हर लावलेलं होतं! आत्ताच काढून बघितलं तर खालच्या कडेला चार बारीक भोकं आहेत आणि कव्हरची कड बरोबर त्यांच्यावरून जाते. आत अजून दमट आहे, रविवारचं पाणी असणार. धुऊन पंख्याखाली ठेवलंय. आणि तो पहाट-दुपारचा दाबाचा प्रकार मला कोणीच सांगितला नव्हता, मी सर्व्हिस सेंटरला पाठवायला व्हिडिओ पण काढून ठेवला होता.

रानवाट

ताई इकडे, चार एसआर (एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० च्या बीआरएम) झाल्यात म्हणून बॅटरी आणि रूटबद्दल लिहिते.

बॉक्सवरचे २० तास म्हणजे बॅकलाइट बंद, सेन्सर नाही, रूट नाही, फोन जोडलेला नाही अशा अवस्थेतले धरा. खरं आयुष्य त्याच्या साठ-सत्तर टक्के, तुमचे १३ तास म्हणजे मशीन ठीकच आहे. बॅकलाइट सतत चालू असेल तर आधी तो दहा सेकंदांवर आणा, रात्री फार फरक पडतो. नकाशाचं पान सतत उघडं ठेवू नका, आकड्यांचं पान ठेवा, वळण आलं की मशीन स्वतःच दाखवतं. सगळ्या उपग्रहांचा ड्युअल बँड (दोन फ्रिक्वेन्सीवर सिग्नल घेणारा) मोड बॅटरी खातो, तो उभ्या कड्यांच्या घाटात उपयोगी आहे कारण सिग्नल कड्यावर आपटून येतो, पण रात्री सातारा रोडच्या मोकळ्या हायवेवर साधा मोड पुरतो. एवढं केलंत की १६-१७ तास मिळायला हरकत नाही.

उरलेलं पॉवरबँकने भरायचं, ५००० एमएएचचा छोटा पुरतो. पण पावसात चालत्या सायकलवर चार्जिंग लावू नका. झाकण उघडं, पोर्टमध्ये पाणी आणि वर करंट, पिना हिरव्या पडतात. मी कंट्रोलला (वाटेतल्या नोंदीच्या थांब्याला) पोचले की आधी कार्डवर शिक्का, मग टपरीच्या छपराखाली बसून कोरड्या रुमालाने पोर्ट टिपते, चहा-पोहे होईपर्यंत २०-२५ टक्के भरून होतं. पाच-दहा टक्के उरायची वाट बघायची नाही, चाळीसला आलं की जिथे छप्पर मिळेल तिथे लावायचं. तो रुमाल वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, जर्सीच्या खिशातला कधीच कोरडा नसतो.

आता रूट, ह्यात नवीन लोक सगळ्यात जास्त फसतात. आपल्या बहुतेक बीआरएम जाऊन-येऊन असतात, म्हणजे जायची आणि यायची रेघ एकावर एक. मशीन गोंधळतं, वीस किलोमीटरवर असतानाच म्हणतं की तुम्ही २८० वर आहात, मागे वळा. म्हणून जीपीएक्स फाइल (रूटची फाइल) परतीच्या ठिकाणी तोडून दोन फायली करा, जायची एक यायची एक. पण रेकॉर्डिंग एकच चालू ठेवा, फक्त रूट बदला. आणि रूट चुकल्यावर आपोआप नवीन रस्ता शोधायचं सेटिंग बंदच करून टाका. मला एकदा पहाटे तीनला वाईच्या अलीकडे ह्या सेटिंगने उसाच्या फडातल्या बैलगाडीच्या वाटेवर नेलं होतं, चिखलात चाक फिरेना, सायकल खांद्यावर घेऊन परत आले, पाऊण तास गेला. तेव्हापासून मशीन सोबत असलं तरी क्यू शीट (वळणांची यादी) छापून लॅमिनेट करून टॉपट्यूबला, म्हणजे फ्रेमच्या वरच्या दांड्याला, चिकटवते.

एक लक्षात घ्या, तुमच्या मशीनवर २९७ किमी आले की ३०४, ह्याने निकालाला काही फरक पडत नाही. ठरलेला रूट, सगळे कंट्रोल आणि वेळ, एवढंच. शेवटचे दोन किलोमीटर भरायला पार्किंगमध्ये गोल गोल फिरणारी मुलं बघते तेव्हा वाईट वाटतं, झोपा रे जाऊन.

आईच्या मेसेजचं, माझ्याही मशीनवर देवनागरी येत नाही. मी घरच्या दोघांचे नंबर फोनमध्ये इंग्रजी अक्षरात सेव्ह केलेत आणि बाकी सगळ्या ॲपचे नोटिफिकेशन बंद. मेसेज वाचता आला नाही तरी नाव दिसतं, नाव दिसलं की थांबून फोन बघायचा. सायकल चालवताना वाचायचा नाहीच.

गोदाकाठ

वरच्या दोघांना +१. ऑटो पॉजचं मी सांगतो. कमी वेगात, त्यात वर झाडी, नुसत्या जीपीएसवर वेग धड कळत नाही, म्हणून मशीनला वाटतं तुम्ही थांबलात. मागच्या हबवर स्पीड सेन्सर लावा, रबराच्या पट्ट्याने बसतो, चुंबक वगैरे काही नको. बोगद्यात पण किलोमीटर मोजत राहतो.

पण चाकाचा घेर नीट भरा. २५ मिमी रुंदीच्या टायरला तक्त्यात २१०५ मिमी असतो आणि २८ ला २१३६, फरक ३१ मिमी, ऐकायला काहीच नाही पण ३०० किमीला जवळजवळ साडेचार किलोमीटर होतात. तक्त्यापेक्षा स्वतः मोजलेलं बरं. टायरमध्ये रोजची हवा भरा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून (तुमचं वजन पडलं पाहिजे, मित्राला धरायला सांगा) सरळ रेषेत चाक तीन वेळा फिरू द्या, परत खूण, टेपने मोजा, भागिले तीन. माझ्या २८ च्या टायरला २१२४ आलं.

आणि मशीनला दोरी बांधा. माउंटचे कान प्लॅस्टिकचे असतात. मागच्या पावसाळ्यात कसारा घाटाखाली खड्ड्यात चाक गेलं, माझ्या मित्राचं मशीन उडून सरळ ट्रकच्या चाकाखाली. पाच रुपयांची दोरी नव्हती म्हणून गेलं, फार हळहळ वाटली.

पहाटेचा_पेडल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं व्यवस्थित कोणी दुकानात सांगितलं नसतं. अपडेट देतो.

काल परत सिंहगड केला, मुद्दाम पाऊस बघूनच निघालो. कव्हर काढलेलं, स्पीड सेन्सर लावलेला, घेर मोजून भरला (२१२९ आला, बायकोने सायकल धरली आणि मुलीने खडूने खुणा केल्या, तिला फार मजा आली). खडकवासल्यापासून जो पाऊस धरला तो माथ्यापर्यंत. नाक्याच्या वर दुसऱ्या मोठ्या वळणाला एकदा चढ ३ टक्क्यांवर अडकला, मी दोन बोटांनी मशीनच्या खाली हलकेच टिचकी मारली, पाण्याचा थेंब निघताना दिसला, आणि चार-पाच सेकंदांत ९ झाला. त्यानंतर वरपर्यंत कुठेही ० नाही. एकूण चढाई ५७६, कोरड्या दिवसाच्या ५८३ च्या अगदी जवळ. ऑटो पॉज एकदाही नाही. वर पार्किंगला धुक्यात काही दिसत नव्हतं, गरम कांदाभजी घेतली आणि पहिल्यांदा त्या आकड्यावर विश्वास ठेवून शांत बसलो.

बॅटरी, बॅकलाइट दहा सेकंद आणि साधा मोड, पावणेचार तासांत २२ टक्के. म्हणजे १७ तास धरायला हरकत नाही. ताई तुमचा अंदाज तंतोतंत.

मशीन ठेवतोय. दुकानदाराला फोन करून कव्हरच्या कडेचं सांगितलं, त्याने पुढच्या गिऱ्हाइकांना ते कापून देतो म्हणाला. दोरी बांधली. आता फक्त ती रूटची फाइल दोन तुकड्यांत कशी करायची ते राहिलं, कंप्युटरवर दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्या तुकड्यातली वळणांची सूचना सगळी उडून जाते.

रानवाट

वळणं उडतात कारण तुम्ही तयार रेघ कापताय. परतीचा भाग कंट्रोलपासून नवीन रूट म्हणून आखा, रस्त्याला चिकटवून, मग सूचना आपोआप तयार होतात. आणि बीआरएमच्या आधी दोन्ही फायली मशीनवर टाकून एकदा उघडून बघा, मोठी फाइल उघडायला मिनिटभर लागतं, स्टार्टला सगळे निघालेले असताना ते मिनिट फार लांब वाटतं. अडलं तर इथेच लिहा, मी रात्री नऊनंतर असते.