मेलच्या सूचना कमी, मीटिंगच्या वेळेवर

वर दोन तक्रारी आल्यात: जीमेलच्या सूचनांचा नुसता भडिमार होतो, आणि गूगल कॅलेंडर मात्र ऐन मीटिंगच्या वेळी गप्प बसतं.

मेलचं सोपं आहे. सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर डेस्कटॉप नोटिफिकेशन्समध्ये 'नवीन मेल' ऐवजी 'महत्त्वाचे मेल' निवडा आणि अगदी तळाशी जाऊन सेव्ह करा.

कॅलेंडरसाठी तीन ठिकाणी बघावं लागतं. कॅलेंडरच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये सूचना चालू हव्यात आणि त्याचा टॅब उघडा हवा. मग ब्राउझरची परवानगी. फायरफॉक्सने जानेवारी २०२० मध्ये आणि क्रोमने पुढच्याच महिन्यात परवानगी मागणाऱ्या खिडक्यांना आवर घातला. हे चांगलंच झालं, पण त्यामुळे पत्त्याच्या पट्टीतलं बारीक चिन्ह नजरेतून सुटतं आणि परवानगी द्यायची राहून जाते. तिसरी जागा कुणी तपासतच नाही: विंडोज ११ मधलं 'डू नॉट डिस्टर्ब'. प्रोजेक्टरवर स्क्रीन डुप्लिकेट केली किंवा एखादं अ‍ॅप फुल स्क्रीन केलं की ते आपोआप चालू होऊ शकतं. म्हणजे प्रेझेंटेशन चालू असताना पुढच्या मीटिंगची आठवण दिसतच नाही! सिस्टिम, नोटिफिकेशन्स इथे त्या अटी एकेक करून बंद करता येतात.

एक मागणी मात्र आपण सगळ्यांनी फीडबॅकमधून लावून धरायला हवी. अँड्रॉइडच्या जीमेल अ‍ॅपमध्ये लेबलनुसार सूचना ठरवता येतात, तशी सोय ब्राउझरमध्येही द्या.