प्रति: २० मिनिटांनंतरच चरबी जळते?

वर म्हटलंय की चालायला लागल्यावर पहिली २० मिनिटं फक्त साखर जळते आणि चरबीचा नंबर त्यानंतर लागतो. असं काही बटण नसतं हो. दोन्ही इंधनं एकाच वेळी चालू असतात, बदलतं ते प्रमाण. निवांत बसलेलं असताना किंवा रमतगमत चालताना चरबीचा वाटा मोठा. धाप लागेल असा जिना चढलात की ग्लुकोजचा, म्हणजे साखरेचा, वाढतो. बस पकडायला जीव खाऊन धावलात तर पहिले काही सेकंद स्नायूंमधलं क्रिएटिन फॉस्फेट (झटपट ऊर्जा देणारं रसायन) कामी येतं.

मला साठ्याचं गणित जास्त गमतीचं वाटतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन (ग्लुकोजचं साठवलेलं रूप), स्नायूंत ४०० च्या आसपास. पण स्नायू आपल्या साठ्यातलं ग्लुकोज रक्तात सोडू शकत नाहीत, त्यासाठी लागणारं एन्झाइमच त्यांच्याकडे नसतं. आणि मेंदूला तर दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं! म्हणजे आधार यकृताचाच, आणि तो साठा दिवसभराच्या कडकडीत उपासात जवळजवळ संपतो. मग यकृत अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक), लॅक्टेट (ग्लुकोज वापरताना उरणारा पदार्थ), ग्लिसरॉल (चरबीचा एक घटक) यांपासून नवं ग्लुकोज बनवतं आणि चरबीपासून कीटोन (ग्लुकोजऐवजी चालणारं इंधन). उपास बराच लांबला तर मेंदू निम्म्याहून जास्त गरज कीटोनवर भागवू लागतो. लाल रक्तपेशींना मात्र ग्लुकोजच हवं, कारण चरबी आणि कीटोन जिथे जळतात ते पेशीतले भाग, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यांच्यात नसतात.

(खिचडी खाऊन केलेली एकादशी यात धरू नका. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च.)