चॅस्टिटी पिंजऱ्याचं कुलूप नेमकं किती पक्कं असावं?

मधली_वेलांटी (धागाकर्ती)

धागा प्रौढांसाठी आहे, आणि हा प्रकार दोघांनी ठरवून, खुशीने करणाऱ्या जोडप्यांपुरता आहे. बाकीच्यांनी इथूनच मागे फिरलेलं बरं.

चॅस्टिटी पिंजरा म्हणजे पुरुषाने लिंगावर घालायचा, कुलूप लागणारा पिंजरा; किल्ली जोडीदाराकडे. आमच्याकडे चार वर्षं झाली. पिंजरा त्याचा, किल्ली माझी. आता दुसरा घ्यायचाय म्हणून महिनाभर शोधतेय, आणि जिथे बघावं तिथे एकच जाहिरात: 'सर्वात सिक्युअर', 'निसटणं अशक्य', 'किल्लीशिवाय सुटका नाही'. मराठीत सुरक्षित म्हणजे ज्यात माणसाला इजा नाही. इथे मात्र सुरक्षित म्हणजे ज्यातून माणूस बाहेर पडू शकत नाही. या दोन उलट्या गोष्टी आहेत आणि विकणारे एकाच शब्दात दोन्ही खपवतात.

माझं मत असं झालंय की कुलपाचं काम अडवणं नाही, सांगणं आहे. घालणाऱ्याला वाटलं तर दोन मिनिटांत, एकट्याला, बाहेर पडता आलंच पाहिजे. फक्त तो बाहेर पडला हे मला कळलं पाहिजे. बस.

मत का झालं ते सांगते. दुसऱ्या वर्षी पहाटे तीनला त्याने मला उठवलं. आतल्या बाजूला सूज येत होती, दुखत होतं. मी किल्ली आणली, घाईत तिरकी फिरवली आणि ती कुलपातच मोडली. पितळेचं नखाएवढं कुलूप, आत अर्धी किल्ली. तो बाथरूमच्या स्टुलावर, मी दातात टॉर्च धरून पकड शोधतेय. पिंजरा प्लॅस्टिकचा होता म्हणून कुलूप अडकवायची पिन वायर कापायच्या पकडीने तुटली. स्टीलचा असता तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं.

तेव्हापासून आम्ही कुलपाऐवजी नंबर छापलेली प्लॅस्टिकची सीलं वापरतो, मीटरला किंवा मालाच्या पेटीला लावतात तशी. कात्रीने कापता येतात, पण कापली की तोच नंबर परत मिळत नाही.

आता बोला.

नाकासमोर

बोलतो. तुमच्या प्रसंगाबद्दल वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. कात्रीने कापता येणारं सील लावायचं तर पिंजरा तरी कशाला? घरात एक वचन द्या, झालं.

मी स्वतः घालतो, म्हणून सांगतो. यातली सगळी मजा 'माझ्या हातात नाही' या जाणिवेत आहे. सुटायचा रस्ता खिशात असला की मन सारखं त्या रस्त्याभोवती फिरतं: आता कापू का, मग कापू का. तो रोजचा झगडा मला नकोय. पक्कं कुलूप असलं की विषयच संपतो आणि डोकं शांत होतं. तुम्हाला जो तुरुंग वाटतो ती माझ्यासाठी सुट्टी आहे.

आमची आणीबाणीची सोय आहे. दुसरी किल्ली बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर बायकोची सही. पाकीट घरातच.

मधली_वेलांटी

@नाकासमोर, पाकीट फाडलं की कळतं. म्हणजे तुमचं पाकीट हेच सील झालं की. आपण एकाच गावचे आहोत, तुम्ही फक्त लांबच्या रस्त्याने आलात.

नाकासमोर

नाही. पाकीट कपाटात असतं, सील अंगावर. फरक अंतराचा आहे आणि मला ते अंतर हवंय.

लेथवाला

दोघेही कुलपावर भांडताय. कुलूप हा यातला सगळ्यात फालतू भाग आहे.

मी धातूकाम करतो, आणि स्वतःसाठी दोन पिंजरे केलेत. मागे गोल कडी, पुढे पिंजरा, दोन्हीला जोडणारी पिन आणि पिनेत कुलूप, एवढीच रचना. माणूस निसटतो तो कुलूप उघडून नाही, मागच्या कडीतून. कडी सैल असली की जगातलं सर्वात महाग कुलूप लावा, मागून ओढून बाहेर. आणि कडी घट्ट असली की वेलांटीताईंची पहाट. म्हणजे 'सिक्युअर' काय ते मापात आहे.

माप असं घ्या. कडी जिथे बसणार तिथे, म्हणजे लिंग आणि वृषण दोन्हींच्या मागून, कागदाची पट्टी गुंडाळा. दाबायची नाही, नुसती टेकवायची. लांबी भागिले ३.१४. पट्टी १४५ मिलिमीटर भरली तर कडी ४६ च्या आसपास. एकदा मोजून थांबू नका. सकाळी, दुपारी, रात्री असं तीन-चार दिवस मोजा. थंड पाण्याने अंघोळ केल्यावर घेतलेलं माप हे माप नव्हे. कडी बसल्यावर तिच्याखाली बोट सरकलं पाहिजे. कडी आणि पिंजरा यांच्यातली फट करंगळीएवढी, साधारण १० मिलिमीटर, आणि इथेच लोक चुकतात. फट कमी केली की पकड वाढते असं वाटतं. वाढतो तो चिमटा.

पिंजऱ्याची लांबी शिथिल अवस्थेतल्या लांबीएवढी किंवा किंचित कमी. जास्त लांब घेतलात तर पुढे पोकळी राहते आणि लघवीला गेल्यावर सगळीकडे फवारा.

धातू घ्यायचा तर ३१६एल प्रतीचं स्टील किंवा टायटॅनियम. स्वस्तातलं चकचकीत दिसतं ते बहुधा मुलामा दिलेलं असतं. मुलामा उडाला की खालच्या धातूतल्या निकेलने खाज सुटते. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेले पिंजरे वजनाला झकास, पण त्यांच्या थरांच्या रेघांत घाण बसते. तासून, वरून लेप देऊन घेतला नसेल तर अंगाला लावू नका.

कुलपाबद्दल एकच. ती छोटी पितळी कुलपं डब्याच्या पत्र्याच्या पट्टीने उघडतात, आणि एका खेपेतल्या कित्येकांची किल्ली एकच असते. नाकासमोर, तुमचा 'विषय संपतो' तो तुमच्या मनात.

नाकासमोर

मनातच तर संपायचा असतो, साहेब. :)

माझं कुलूप पिंजऱ्यात बसवलेलं आहे, लोंबतं नाही. पँटमधून आवाज येत नाही.

लेथवाला

तशा आत बसवलेल्या नळीसारख्या कुलपाची किल्ली हरवली तर ड्रिल मारावं लागतं, आणि ड्रिल कुठल्या दिशेला चाललंय याचा विचार करून ठेवा. किल्लीवर नंबर असेल तर आजच लिहून ठेवा.

वायफाय_वाकडा

सगळे अजून किल्ल्या मोजताय? ब्लूटूथवाला घ्या. मोबाइलवरून बंद, मोबाइलवरून उघडा. मी एका शहरात, ती दुसऱ्या. आम्हाला पाकीट, सील काही चालत नाही. आणीबाणी आली तर ती तिथून उघडते, दहा सेकंदांत.

तिरकी_रेघ

दहा सेकंद, सर्व्हर चालू असेल तर.

२०२० ची गोष्ट इथे कुणीच कशी काढली नाही? क्यूआययू या चिनी कंपनीचा 'सेलमेट' नावाचा ब्लूटूथ पिंजरा होता. किल्ली नाही, हाताने उघडायची काही सोय नाही, सगळा कारभार ॲपवर. पेन टेस्ट पार्टनर्स या ब्रिटिश सुरक्षा कंपनीने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की ॲपमागच्या सर्व्हरला कुणी नीट दारच बसवलेलं नाही. कुणाही परक्याला सगळे पिंजरे एकदम बंद करून टाकता आले असते, शिवाय वापरणाऱ्यांचं ठिकाण आणि खासगी संदेश वाचता आले असते. पुढे काहींना खरोखरच खंडणीचे संदेश आले. मागणी ०.०२ बिटकॉइन.

म्हणजे किल्ली जोडीदाराच्या हातात आहे असं तुम्हाला वाटतं, आणि ती असते अशा माणसाकडे ज्याच्याशी तुमचं कसलंच ठरलेलं नाही. यात संमती फक्त एकाशी असते आणि ताबा तिसऱ्याकडे जाऊ शकतो. पक्केपणाचं याहून वाईट उदाहरण मला माहीत नाही.

वायफाय_वाकडा

त्यावर कंपनीने दुरुस्ती केली होती. शिवाय सगळीच उपकरणं तशी नसतात.

तिरकी_रेघ

नसतात, मान्य. मग घेताना एवढंच तपासा: बॅटरी मेली, ॲप बंद पडलं, कंपनी बुडाली, तरी हातातल्या साध्या वस्तूने ते उघडतं का? उघडत असेल तर खुशाल घ्या. 'ॲपमधूनच उघडेल' असं उत्तर आलं तर पैसे वाचवा. अंतरावर असाल तर आकडे फिरवायची किल्लीची पेटी, पेटीचा आकडा जोडीदाराला माहीत, आणीबाणीत फोनवर सांगायचा. इंटरनेटला फाटा.

रात्रपाळी

इथवर वाचून लिहिल्यावाचून राहवलं नाही. मी परिचारिका आहे, इमर्जन्सीत काम केलंय.

घट्ट कडीत काय होतं ते समजून घ्या. रक्त आत येतं धमनीतून, जोराने. परत जातं शिरांतून, कमी दाबाने. कडी आधी शिरा दाबते. म्हणजे रक्त येत राहतं, जात नाही. सूज येते, सुजेमुळे कडी अजून घट्ट, त्यामुळे अजून सूज. याला तास-दोन तास पुरतात. रंग निळसर किंवा काळपट, हाताला गार, किंवा बधिर लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या क्षणी काढायचं. 'जरा बघू, सकाळी काढू' हे चालणार नाही. निघत नसेल तर थेट दवाखान्यात, गार फडकं लावून. बधिर झाल्यावर दुखायचं थांबतं, आणि लोकांना वाटतं बरं झालं. ते बरं झालेलं नसतं.

दवाखान्यात अंगठी कापायची छोटी करवत असते. बोटातल्या सोन्याच्या अंगठीसाठी ठीक. ६-७ मिलिमीटर जाड स्टीलपुढे ती हात टेकते. मग ग्राइंडर येतो, ठिणग्या उडतात, त्वचा भाजू नये म्हणून पाणी ओतत राहावं लागतं. मी ते पाहिलंय. तो माणूस पाच तास लाजेने घरी बसला होता. लाजू नका हो, आम्ही याहून विचित्र बघतो आणि घरी जाऊन झोपतो.

आणखी एक, निरोगी पुरुषाला झोपेत तीन ते पाच वेळा ताठरता येते, स्वप्नाच्या झोपेत. त्याने ठरवून येत नाही आणि ठरवून थांबत नाही. म्हणून पहिले काही दिवस फक्त दिवसा, तास-दोन तास. रात्र शेवटी. मधुमेहाने संवेदना कमी झाली असेल तर हा प्रकार नकोच, कारण तुमची धोक्याची घंटाच बंद आहे. एमआरआय असेल तर काढून जायचं, हे सांगायला लागू नये, पण लागतं. रोज धुवायचं, आणि धुण्याहून महत्त्वाचं म्हणजे कोरडं करायचं.

त्यामुळे माझं मत वेलांटीताईंच्या बाजूला. नाकासमोर, तुमचं पाकीट चांगलं, पण प्रवासात? ऑफिसात?

मोरपंखी

बायकांच्या चॅस्टिटी पट्ट्यांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात. कमरेचा पट्टा आणि मधला पट्टा, वजन सगळं कमरेच्या हाडांवर. तयार मापात मिळणारे जवळजवळ सगळे निरुपयोगी. बसल्यावर पोट पुढे येतं, पट्टा बरगडीला लागतो. माप उभं राहून आणि बसून, दोन्ही घ्यायचं. मासिक पाळीत आम्ही काढून ठेवतो, विषय संपला.

जुना_वाचक

क्रुसेडला, म्हणजे मध्ययुगातल्या धर्मयुद्धांना, जाणारे सरदार बायकांना असे पट्टे बांधून जायचे म्हणे. त्या रानटी काळातली वस्तू आज हौस म्हणून विकत घेताय. धन्य!

तिरकी_रेघ

@जुना_वाचक, क्रुसेडची गोष्ट नंतर रचलेली आहे. अशा पट्ट्याचं सर्वात जुनं माहीत असलेलं चित्र १४०५ च्या सुमाराच्या 'बेलीफोर्टिस' या युद्धयंत्रांवरच्या हस्तलिखितात आहे, जर्मन अभियंता कॉन्राड कायझरचं, आणि तेही बहुधा थट्टेने काढलेलं. संग्रहालयांतले बरेच 'मध्ययुगीन' पट्टे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कुतूहलाच्या वस्तू म्हणून बनवलेले निघाले. हौस आजची आहे, रानटीपणा त्यांच्या नावावर खपवलेला.

उंबरठा

मला कडी-कुलपातलं काही कळत नाही, पण एक विचारते. सगळे जण सूज आल्यावर कसं काढायचं ते सांगताय. काही झालेलंच नसेल आणि त्याला नुसतंच नको वाटलं तर? सोमवारी हो म्हटलं, गुरुवारी नको झालं. दुखत नाही, निळं पडलं नाही, फक्त नको. नाकासमोर, तुमचं ते पाकीट 'आणीबाणी'साठी आहे. नको वाटणं ही तुमच्या घरात आणीबाणी आहे का?

नाकासमोर

प्रामाणिक उत्तर: आजवर हे बोललो नव्हतो. मी धरून चाललो होतो की मी म्हटलं तर ती उघडेल.

उंबरठा

उघडेलही. पण तिला विचारावं लागेल, कारण सांगावं लागेल. सीलवाल्याला कारण सांगावं लागत नाही. कापलं, संपलं, बोलणं नंतर.

नाकासमोर

आज संध्याकाळी विचारलं. ती म्हणाली, "पाकीट फाडलंस तर मी रागावेन असं तुला वाटत होतं का?" वाटत होतं. बराच वेळ बोललो, ते इथे लिहीत नाही.

तरी कुलूप बदलणार नाही, माझं मत तेच आहे. मला ते अंतर लागतं. पाकिटावरची सही मात्र काढून टाकली, आणि एक किल्ली आता गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते. @रात्रपाळी, ऑफिसचा प्रश्न मिटला.

लेथवाला

सही काढली म्हणजे कळायची सोय गेली. तुम्ही तर वेलांटीताईंच्याही पुढे गेलात!

नाकासमोर

:) गेलो वाटतं. @मधली_वेलांटी, एक विचारायचं राहिलं. सीलांचे नंबर कोण लिहून ठेवतं? सगळं तुमच्याकडेच असेल ना?

मधली_वेलांटी

नाही. सीलांचा डबा माझ्याकडे, वही त्याच्याकडे. गेल्या वर्षी त्यात तीन नंबर खोडलेले होते. दोनदा प्रवासात त्वचा सोलवटली म्हणून. तिसऱ्यापुढे काहीच लिहिलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

आता कुणीतरी टायटॅनियमवाल्यांचे अनुभव लिहा, मला दुसरा घ्यायचाच आहे.